सध्या कोणतं पुस्तक वाचताय, आणि कितव्या पानावर आहात?

अर्धविराम (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. वाचून संपलेल्या पुस्तकांवर इथे पुष्कळ लिहून झालंय. या धाग्यात थोडं वेगळं करू या. आजच्या तारखेला तुमच्या उशाशी जे पुस्तक उघडं पडलंय, त्याबद्दल लिहा. कितव्या पानावर आहात तेही सांगा. मत अर्धवट असलं तरी चालेल, उलट मला तेच हवंय. पुस्तक संपलं की शेवटाचा रंग सगळ्या पुस्तकावर चढतो. मध्ये कुठे कंटाळा आला होता, कुठे राग आला होता, ते आपण विसरून जातो.

सुरुवात माझ्यापासून. उद्धव शेळके यांची 'धग', १९६० सालची कादंबरी. पान ३८. आणि तिथेच अडलोय.

कौतिक नावाची बाई, तिचा नवरा महादेव, पोरंबाळं आणि पाठ न सोडणारं दारिद्र्य. पहिल्या दहा पानांतच कळतं की हे काम मोठं आहे. पण संवाद वऱ्हाडी आहेत आणि माझ्या कानांना त्या बोलीची सवय नाही. प्रत्येक वाक्य मनातल्या मनात प्रमाण मराठीत फिरवून घेतो, मग पुढच्यावर जातो. एका पानाला दहा-बारा मिनिटं लागतात आणि एवढं करून चव हाती लागत नाही ती नाहीच. आठवडाभर खूण त्याच पानावर आहे.

तर प्रश्न दोन. तुम्ही काय वाचताय? आणि असं अडल्यावर रेटता की ठेवून देता?

खारुताई (सोमवार, रात्री १०:२०)

रुमाल टाकून ठेवते. उद्या सविस्तर लिहीन. 'सत्तांतर', पान ६१.

निवांत (सोमवार, रात्री १०:४१)

छान धागा. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', पान ५२. मुळात पुस्तकच लहान आहे, म्हणजे जवळजवळ अर्ध्यावर.

युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. बोटीवर चक्रधर विध्वंस नावाचा आपला एक तरुण आणि जर्मनीतून हाकललेले ज्यू. त्यांतली एक हॅर्टा. पुस्तक आलं १९३९ साली, म्हणजे महायुद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षी. पुढे किती भयंकर घडणार आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं. वाचताना ते मला ठाऊक आहे. बोटीवर कुणी हसलं, नाचलं तरी पोटात गोळा येतो. एवढ्या आधीची मराठी कादंबरी इतकी कोरडी, इतकी नेमकी बोलत असेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर: मी ठेवून देतो. आयुष्य थोडं आहे आणि पुस्तकं उदंड. पन्नास पानांत जमलं नाही तर रामराम.

रानवाट (सोमवार, रात्री ११:०५)

> पन्नास पानांत जमलं नाही तर रामराम.

निवांत, हे मला अजिबात पटत नाही. काही पुस्तकांची पहिली पन्नास पानं ही चढण असते. चढून गेल्याशिवाय पठार दिसायचं कसं?

मी सध्या शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' वाचतोय, तिसऱ्यांदा, पान ३४०. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण, एकेकाच्या तोंडून तीच गोष्ट. मी पंधरा वर्षांचा असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा फक्त कर्ण दिसला होता. आता शोणाचा भाग वाचताना थांबायला होतं. मोठ्या भावाच्या मागे आयुष्यभर चालणाऱ्या धाकट्याचं मन ओळखायला स्वतः थोडं जगावं लागतं.

चांदणचुरा (मंगळवार, सकाळी ७:५०)

काय योगायोग! मी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचतेय आणि नेमकी 'कर्ण' या लेखावर आहे. रानवाट, तुमचा कर्ण आणि इरावतीबाईंचा कर्ण एका खोलीत बसणं अवघड आहे.

बाई त्याला देव करत नाहीत आणि त्याच्यासाठी रडतही नाहीत. 'मी कोण' हा त्याचा प्रश्न त्या समजून घेतात, पण द्यूतसभेत तो द्रौपदीला काय बोलला हे त्या आपल्याला विसरू देत नाहीत. हे वाचल्यावर 'मृत्युंजय'मधला उदात्त कर्ण मला चित्रासारखा वाटायला लागलाय. सुंदर, पण भिंतीवरचा.

गंमत म्हणजे दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी आली, १९६७ साली.

रानवाट (मंगळवार, सकाळी ९:१५)

भिंतीवरचा? ताई, ते चित्र बघून कित्येकांना वाचायचा नाद लागला. कादंबरीकारानं संशोधकासारखं लिहावं असा आग्रह कशाला? सावंतांनी कर्णाला आतून पाहिलं, कर्वेबाईंनी बाहेरून. दोन्ही हवेत.

चांदणचुरा (मंगळवार, सकाळी ९:४०)

दोन्ही हवेत हे मान्य. पण "बाहेरून" नाही मान्य. बाई मानववंशशास्त्राच्या, म्हणून त्या कोरड्या असतील असं आपण धरून चालतो. गांधारीवरचा लेख वाचा. म्हातारपणी रानात आलेली ती सगळी माणसं अशी बोलतात की पुस्तक मिटून बसावंसं वाटतं.

आणि त्यांच्यासमोर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती होती. १९१९ ते १९६६ एवढी वर्षं शेकडो हस्तलिखितं ताडून झालेलं ते काम. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते हा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा प्रसंग घ्या. त्या संहितेत तो धावाच नाही. मागाहूनची भर म्हणून तो तळटीपेत गेला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला दोन दिवस चैन पडलं नव्हतं. देवाला हाक न मारता त्या सभेत एकटी उभी असलेली द्रौपदी मला कितीतरी मोठी वाटते.

रानवाट (मंगळवार, सकाळी १०:०२)

हे मला ठाऊक नव्हतं. 'मृत्युंजय' संपवतो आणि 'युगान्त' घेतो. शब्द दिला.

पूर्णाकाठ (मंगळवार, दुपारी १:३०)

अर्धविराम भाऊ, तुमचं पान ३८ वाचून राहवलं नाही. वऱ्हाडी माझी घरची बोली. 'धग' मी तीनदा वाचली आहे.

तुम्ही डोळ्यांनी वाचताय. ती कानानं वाचा. खोलीचं दार लावा आणि संवाद मोठ्यानं म्हणा. पहिली चार पानं अवघडल्यासारखं होईल, मग जीभच वाट काढेल.

थोड्या खुणा देते. आमच्याकडे 'ला'चा 'ले' होतो. मला म्हणजे मले, तुला म्हणजे तुले, कशाला म्हणजे कायले. 'ळ' बहुतेक ठिकाणी 'य' होऊन येतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. बोलण्यात कुठे 'काया' ऐकू आलं तर शरीर समजू नका, काळा असं समजा. 'का' विचारायचं असेल तर काऊन किंवा काहून. आणि माणूस काही करत असेल तर तो 'करून राह्यला'. एवढ्यावर निम्मी वाट सोपी होते.

मनातल्या मनात भाषांतर करताय ते मात्र बंद करा. कौतिक जे 'मले' म्हणते ते तुमच्या 'मला'पेक्षा वेगळं आहे. त्यात तिचा सगळा ताठा आहे. ही बाई मोडते आहे आणि तरी कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणून घट्ट उभी आहे, हे तिच्या बोलण्याच्या ठेक्यातच ऐकू येतं.

निवांत, तुमच्या पन्नास पानांच्या नियमात 'धग' बसवू नका एवढी विनंती.

अर्धविराम (मंगळवार, दुपारी २:०५)

पूर्णाताई, मनापासून आभार. 'काया' हा शब्द मी खरंच शरीर म्हणून वाचला असता! आज रात्री दार लावून बसतो.

निवांत (मंगळवार, दुपारी २:११)

पूर्णाताईंच्या विनंतीला मान देऊन 'धग' नियमातून वगळली आहे. :)

खारुताई (मंगळवार, रात्री ९:००)

आले रुमाल उचलायला.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर', आता पान ८८. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट. माणूस जवळजवळ नाहीच. टोळीचा म्होरक्या नर, त्याच्या माद्या, पिल्लं आणि बाहेरून डोळा ठेवून असलेले दुसरे नर. जुना म्होरक्या हरला की नवा येतो आणि तान्ही पिल्लं मारतो. मी ते पान वाचून पुस्तक बाजूला ठेवलं. लेखकानं हे रचलेलं असणार असं वाटलं.

मग शोधाशोध केली. रचलेलं नाही. १९७०च्या दशकात सारा हर्डी या संशोधक अबूच्या वानरांचा अभ्यास करत होत्या. पिल्लं मारली जातात ती कुठल्या वेडानं नव्हे, पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याही आधी सुगियामा या जपानी अभ्यासकानं धारवाडच्या रानात हे पाहून नोंदलं होतं. माडगूळकरांची कादंबरी १९८२ची, आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी मिळालं.

माडगूळकर कुठेही हळहळत नाहीत. बघा, असं असतं, एवढंच सांगतात. म्हणून ते जास्त लागतं. 'बनगरवाडी'तला दुष्काळही त्यांनी असाच लिहिला आहे. गाव रिकामं होताना कुठे मोठा शब्द नाही.

कोरी_पाटी (मंगळवार, रात्री ९:३३)

नमस्कार. इथे नवीन आहे. वय १९. शाळा पूर्ण इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी बोलतो पण सलग पुस्तक कधी वाचलं नव्हतं. योगायोगाने मी 'बनगरवाडी'च वाचतोय! पान २७. जोडाक्षरांवर वेग कमी होतो. पण तो मास्तर माझ्याएवढाच आहे असं वाटतं, पहिल्यांदाच अनोळखी गावात एकटा. शाळा भरवायची आहे आणि शाळेत पोरंच नाहीत. पुढे काय होतं कुणी सांगू नका.

यानंतर काय वाचू? फार जाड नको.

साठीपार (बुधवार, सकाळी ६:१०)

कोरी_पाटी, तुझं मनापासून स्वागत. तुझा निरोप वाचून सकाळ चांगली सुरू झाली. सत्तावीस पानं तू वाचलीस ती कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःहून. असाच पुढे जा. चित्रपट आहे त्यावर, अमोल पालेकरांचा, १९९५चा. पण आधी पुस्तक संपव.

मी वाचतो आहे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', पान ९४. १८५७ साली एक गरीब भिक्षुक कोकणातल्या वरसईहून काकांना घेऊन उत्तरेकडे निघतो. यज्ञाची दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढाच हेतू. आणि जाऊन पडतो नेमका बंडाच्या वणव्यात. झाशीला वेढा पडला तेव्हा हा गृहस्थ शहरात होता. लढाईचं वर्णन इतिहासाच्या पुस्तकात असतं तसं नाही. भूक, लपायची जागा, जळकी घरं, वास.

काल रात्री वाचलेला प्रसंग सांगतो. झाशी सोडून राणी कालपीच्या वाटेवर आहे. विहिरीपाशी भटजींना एक स्वार दिसतो, पठाणी वेशातला, अंगभर धूळ. ती राणीच. तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते, मीच काढते. मातीच्या भांड्यानं पाणी काढून ओंजळीनं पिते. एवढंच. घोड्यावरचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ही ओंजळ मला पुतळ्यापेक्षा मोठी वाटली.

पुस्तक छापून आलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी आणलं. त्यांनी भाषेला बरीच इस्त्री केली होती. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढली. मिळालं तर मूळच वाचावं.

दुपारची_गाडी (बुधवार, दुपारी १२:४५)

भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला', पान १६०. दुसरा प्रयत्न.

पहिला प्रयत्न विसाव्या वर्षी. शंभरेक पानांवर फेकून दिलं. पांडुरंग सांगवीकराचं ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' डोक्यात जायचं. या मुलाला मिळतंय सगळं आणि हा कुरकुरतोय, असं वाटायचं. आता एक्केचाळीसचा आहे. या वेळी मनी गेली त्या पानांपर्यंत आलो. धाकटी बहीण. गाडीत बसून वाचत होतो, माझं स्टेशन मागे गेलं, उतरलो नाही.

तेव्हा रेटलं असतं तर नुसतं संपलं असतं. ठेवून दिलं म्हणून आज मिळालं. तेव्हा माझं उत्तर: ठेवून द्या, पण घराबाहेर काढू नका.

निवांत (बुधवार, दुपारी १:००)

+१. माझं म्हणणं यापेक्षा चांगलं मला मांडता आलं नसतं.

रानवाट (बुधवार, दुपारी १:२०)

मी 'कोसला' दोनदा संपवलंय आणि दोन्ही वेळा पांडुरंगचा राग आला. त्या मनीच्या पानांसाठी मात्र नेमाड्यांना सगळं माफ. पंचविशीत लिहिलंय त्यांनी हे, १९६३ साली पुस्तक आलं. त्या वयात एवढं दुःख शब्दांत धरता येतं याचंच नवल वाटतं.

खारुताई (बुधवार, दुपारी ४:१०)

अवांतर: तुमच्यापैकी कुणी पुस्तकं ऐकतं का? मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरकाम करताना ऐकायला सुरू केलीत. मला फार आवडतायत, पण याला "वाचलं" म्हणायचं की नाही?

निवांत (बुधवार, दुपारी ४:३०)

माझ्या मते नाही. वाचताना आपण थांबतो, मागे जातो, ओळीखाली रेघ मारतो. ऐकताना दुसऱ्याच्या वेगानं वाहत जातो. शिवाय सांगणाऱ्याचा आवाज आपल्या आणि लेखकाच्या मध्ये येतो. ऐकणं चांगलंच, पण ते वाचन नव्हे.

कानोसा (बुधवार, रात्री ८:१५)

निवांत, तुमच्याशी शांतपणे असहमत होते.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. आजवर जे वाचलं त्यातलं थोडं ब्रेलमध्ये, बाकी सगळं कानानं. आई वाचून दाखवायची, मग कॅसेट आल्या, आता फोनमधला आवाज आहे. मी थांबते, मागे जाते, एकेक वाक्य चारदा ऐकते. मला मी वाचक वाटते.

आवाज मध्ये येतो हे खरं. यंत्राचा तर फारच येतो. माझ्या फोनला 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च यांतला फरक कळत नाही. 'जाग' आणि 'जीव' तो एकाच ज नं म्हणतो. दहा मिनिटं त्रास होतो, मग मन आपोआप दुरुस्त करून घेतं. तुम्ही छपाईची चूक दुरुस्त करून पुढे वाचता तसंच.

खरी अडचण वेगळीच आहे. मराठी पुस्तकं नेटवर सापडतात, पण बहुतेक पानांचे नुसते फोटो असतात. यंत्राला त्यात अक्षर दिसत नाही, चित्र दिसतं. काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, ती वाचायला लावली तर नुसती अगम्य अक्षरांची खिचडी ऐकू येते. युनिकोडमध्ये असेल तरच माझ्यापर्यंत पोचतं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. लक्ष्मीबाई १९३६ला गेल्या, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाचंच मुक्त आहे. अशी पुस्तकं लोक हौसेनं टाइप करून चढवतात. तुम्ही आठवड्याला दोन पानं टाइप केलीत तरी वर्षाला शंभर होतात. त्यातलं एक पान मी वाचलं तर ते तुमच्यामुळे.

आणि 'स्मृतिचित्रे' ऐकण्यासाठीच आहेत. लक्ष्मीबाई लिहीत नाहीत, समोर बसून सांगतात. वडिलांच्या सोवळ्याचं वेड काय, पती नारायण वामन टिळकांचा लहरी स्वभाव काय! १८९५ला टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दोघं वेगळी झाली. ती वर्षं त्या सांगतात तेव्हा आवाज कुठेही चढत नाही. पुढे १९००मध्ये त्या स्वतःहून, आपल्या वाटेनं बाप्तिस्म्यापर्यंत येतात. नवऱ्याच्या मागून ओढल्या जात नाहीत. माझं सध्या तेच प्रकरण चालू आहे. पान सांगता येत नाही, तिसरा भाग, सुमारे निम्मा.

निवांत (बुधवार, रात्री ८:४०)

कानोसाताई, माझं म्हणणं मी मागे घेतो. विचार न करता लिहिलं होतं. या रविवारपासून दोन पानं टाइप करायला घेतो. कुठून सुरुवात करायची ते व्यक्तिगत निरोपात सांगाल का?

चांदणचुरा (बुधवार, रात्री ९:०५)

कानोसाताई, वाखू (वाचनखूण) साठवली तुमच्या प्रतिसादाची.

यावरून आठवलं. भैरप्पांचं 'पर्व' आपण उमा कुलकर्णींच्या अनुवादातून वाचतो. त्यांची पद्धत माहीत आहे? त्यांचे पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. म्हणजे आपल्या कपाटातल्या त्या जाड कादंबऱ्या आधी कानानं वाचल्या गेल्यात.

साठीपार (गुरुवार, सकाळी ६:२०)

वा! या धाग्यावरचं सगळ्यात सुंदर वाक्य. कानानं वाचल्या गेल्यात.

पूर्णाकाठ (गुरुवार, दुपारी १:१५)

मीही तेच म्हणत होते, मंगळवारपासून! :)

माझं सध्याचं सांगायचं राहिलं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', पान ७०. बेबीताई दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. कित्येक वर्षं. पुस्तक १९८६ला आलं. बहुतेक आत्मकथनांत 'मी' असतो, इथे 'आम्ही' आहे. सगळी वस्ती, त्यातल्या सगळ्या बाया. आणि जातीचा जाच सांगताना घरातल्या पुरुषांनी बायांना केलेला जाच त्या झाकून ठेवत नाहीत. मला तिथे त्यांच्या धैर्याची कमाल वाटते. बाहेरच्याला नावं ठेवणं सोपं असतं.

जोडीला उर्मिला पवारांचं 'आयदान' काढून ठेवलंय. आयदान म्हणजे बांबूची विणलेली टोपली, सूप वगैरे. आई ती विणायची, लेक शब्द विणते.

कोरी_पाटी (गुरुवार, रात्री १०:५०)

'बनगरवाडी' संपली! शेवटची वीस पानं जोडाक्षरं कधी आली कधी गेली कळलंच नाही. खारुताई, तुम्ही म्हणालात ते खरं. गाव रिकामं होतं आणि लेखक काहीच बोलत नाही. मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो.

आता पुढचं सांगा ना.

दुपारची_गाडी (गुरुवार, रात्री ११:००)

मिलिंद बोकील, 'शाळा'. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं. तुझ्या वयाला चपखल.

निवांत (गुरुवार, रात्री ११:०४)

'रणांगण'. मी काल संपवलं. शेवट सांगणार नाही, पण झोप लागली नाही. पातळ आहे.

चांदणचुरा (शुक्रवार, सकाळी ८:००)

'पाडस'. राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, मूळ मार्जोरी रॉलिंग्जची कादंबरी, १९३९चं पुलित्झर तिला मिळालं होतं. फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी नावाचा मुलगा आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पाडस. मी सध्या मुलाला रोज रात्री दोन पानं वाचून दाखवते. तो म्हणतो, हे अमेरिकेत घडतं मग ही माणसं मराठी कशी बोलतात? अनुवादकाला याहून मोठी दाद कोण देणार?

जाड आहे, पण 'बनगरवाडी'नंतर तुला जड जाणार नाही.

साठीपार (शुक्रवार, सकाळी ८:३०)

आणि हे सगळं झाल्यावर कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस. बोली आहे, पण पूर्णाताईंची युक्ती वापर, मोठ्यानं वाच.

अर्धविराम (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:४०)

धागा वर काढतो. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

पान २१४.

पूर्णाताई, दार लावून वाचायला बसलो. पहिल्या रात्री फार विचित्र वाटलं. दुसऱ्या रात्री तीन पानं अडखळत, आणि मग एका संवादात काहीतरी झालं. मी अर्थ लावायचा विसरलो आणि अर्थ कळत गेला. कौतिकचा आवाज मला माझ्याच तोंडून ऐकू आला. थोडा चढा, थोडा थकलेला. त्यानंतर भाषांतर करावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी लेक दाराशी येऊन उभी. सात वर्षांची आहे. "बाबा, कुणाशी भांडताय?" म्हणाली. तिला आत घेतलं. आता ती रोज येते. सगळं तिला वाचून दाखवत नाही, मध्ये गाळतो, थोडं सांगतो. कालपासून तिचं "मले पानी दे" सुरू झालंय, आणि आज जेवताना अचानक विचारलं, "त्या कौतिकला कुणी मदत का नाही करत?" मला उत्तर देता आलं नाही.

आजवर मी दारिद्र्यावरची पुस्तकं वाचताना मनात एक अंतर ठेवून वाचत आलो. हे तोंडानं म्हटल्यावर ते अंतर ठेवता येईना. पैशापैशाचा हिशेब, माणसांनी फिरवलेली तोंडं, आणि त्यातही घराची अब्रू सांभाळायची तिची धडपड. छापलेलं तेच होतं, पान ३८ वरही तेच होतं.

उरलेली पानं या आठवड्यात होतील.

पूर्णाकाठ (सोमवार, सकाळी ७:१०)

डोळे भरून आले भाऊ वाचताना. (डोये म्हणा.)

एक सांगते, ऐका. शेवटची चाळीस पानं लेक झोपल्यावर वाचा. आणि त्या रात्री दुसरं काही काम ठेवू नका.

अर्धविराम (सोमवार, सकाळी ७:२५)

बरं ताई. ती झोपली की मग बसतो.